येळवशीची रजा

रजेच्या अर्जात कारणांची यादी उलगडते:
आजारपण, लग्न, प्रवास, इतर.
मी 'इतर' निवडलं.
खालच्या चौकटीत येळवस लिहिलं, खोडलं.
पुण्यात येळवस नसते
आणि मी पुण्यात होते, सव्वा वर्षापासून,
मैत्रिणीच्या फ्लॅटच्या पत्त्यावर.

खरी मी निलंग्यात,
मामांच्या पिठाच्या गिरणीवर, पत्र्याच्या खोलीत.
खाली जोंधळा पाळ्यात पडला
की माझं टेबल थरथरतं, चहावर गोल उठतात.
म्हणून बोलायचं तेवढंच बोलते
आणि लगेच आवाज बंद.
टीममध्ये नाव पडलंय: शांत मुलगी.
(शांत कसली. घरी येऊन ऐका म्हणावं.)
अन्नपूर्णा त्यांच्या तोंडात मावत नाही,
तिकडे मी ॲना.

दोन सिमं, एक इन्व्हर्टर,
आणि डीपीवर चढायच्या आधी
वायरमन मन्मथअप्पाचा फोन:
"पूर्णे, तासभर लाईट नाही बघ.
तुझी ती अमेरिका सांभाळून घे."

येळवशीला गाव रिकामं होतं.
दुकानांना कुलपं, स्टँडवर कुत्री,
सगळे शिवारात.
कडब्याची कोप, आत चुना लावलेले पाच दगड,
आंबिलीचं मडकं, भज्जी, उंडे.
शेजारच्या सायराबी दरसाल आमच्याच रानात येतात,
भज्जीत चिंच कमी पडली
हेही दरसाल सांगतात.

मी दुसरा उंडा मोडला आणि फोन वाजला.
रात्रीच्या बदलात पैशांचं पान कोसळलं होतं.
लोक पैसे भरत होते, पावती येत नव्हती.
लॅपटॉप पिशवीत होताच, तो मी लग्नातही नेते.
रेंज फक्त बांधावरच्या बाभळीखाली.
मांडीवर घोंगडी, घोंगडीवर लॅपटॉप,
बोटांना हरभऱ्याची आंब.
अकराव्या मिनिटाला चूक सापडली:
शून्याच्या जागी कुणीतरी
काहीच लिहिलं नव्हतं.

उन्हात स्क्रीन दिसेना,
चाचपडताना कॅमेरा चालू झाला.
"वा," मॅनेजर म्हणाला,
"हे बॅकग्राऊंड कुठून डाऊनलोड केलं?"
जोंधळा हलला.
मग मामी चित्रात आल्या,
हातात तांब्या, पदर खोचलेला,
"पूर्णे, ह्यायला इचार की, आंबील पितेत का."

तेव्हा सांगितलं. निलंगा.
तीनदा सांगावं लागलं.
लातूरजवळ, म्हटल्यावर एकजण म्हणाला,
"अच्छा, भूकंप."
"हो. तेव्हा मी जन्मलेही नव्हते.
पावती आता येईल, बघा."
आली.

पंधरा दिवसांनी पत्र.
पहिल्या ओळीत अभिनंदन,
चौथीत: तिकडे राहण्याचा खर्च कमी असल्याने
पगार ठिकाणानुसार बदलत आहोत.
वीस टक्के.

गिरणीच्या वहीत, दळणाच्या उधारीखाली
मी हिशेब मांडला.
सिमं, बॅटरी, फेब्रुवारीपासूनचे टँकर.
सायराबींची आफरीन संध्याकाळी शिकायला येते, तिथे काही मांडलं नाही.
पत्र्याखालचा मे महिना कुठल्या रकान्यात घालावा
ते कळेना.
शेवटी मेलमध्ये एवढंच विचारलं:
ती अकरा मिनिटं
बाभळीखाली स्वस्त झाली होती का?

उत्तर अजून नाही.

आज सकाळच्या बैठकीत पाळीपाळीने बोलायचं होतं.
माझं नाव आलं
आणि खाली मामांनी पट्टा चढवला.
टेबल थरथरलं. बोट सवयीने बटणाकडे गेलं,
तिथेच थांबलं.

"ॲना, हा कसला आवाज?"

"दळण," मी म्हणाले.
"पाच किलोच आहे.
थांबा जरा, होईल."